सेवेकऱ्यांची सरबराई

पिंगळीला वर्षाकाठी तीन पिकं येतात : खरिपाचं सोयाबीन, रब्बीची ज्वारी आणि सेवेकरी. पहिल्या दोन पिकांचं काही खरं नसतं. पावसानं ओढ दिली तर सोयाबीन जातं, नको तेव्हा आला तर ज्वारी काळी पडते. सेवेकऱ्यांचं पीक मात्र आजतागायत बुडालेलं नाही. पूर्णा-परभणी लोहमार्गावर गावाचं स्वतःचं स्टेशन आहे. परभणीहून निघालेल्या माणसाला ‘खेड्यात गेलो होतो’ असं सांगता येईल इतकं गाव लांब आहे आणि रात्रीच्या जेवणाला घरी पोचता येईल इतकं जवळ. सेवा करायला याहून सोयीचं खेडं मराठवाड्यात शोधून सापडायचं नाही.

पावसाळ्यात पहिली खेप येते ती शेतकी शिकणाऱ्या पोरापोरींची. परभणीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आता त्याला वसंतराव नाईकांचं नाव आहे. शेतकीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोरांना काही महिने खेड्यात काढावे लागतात. ‘ग्रामीण कृषी जागरूकता कार्यानुभव’ असलं लांबलचक नाव घ्यायला पेरणीच्या दिवसांत कोणाला सवड नसते, म्हणून सगळे त्याला ‘रावे’ म्हणतात आणि पोरांना ‘रावेवाले’. रावेवाले शेतकऱ्याला बियाण्याला औषध कसं चोळायचं ते दाखवतात, कामगंध सापळा कसा टांगायचा ते दाखवतात आणि आपल्या वहीत लिहायला त्याच शेतकऱ्याला विचारतात, “काका, हे तुम्ही आधी कसं करायचात?” काका सांगतात. पोरं लिहून घेतात. वही भरते, काकांचं ज्ञान वाढल्याची नोंद होते.

या सगळ्यात पाहण्यासारखी गोष्ट असते ती रांगोळीचा नकाशा. देवळासमोरची जागा झाडून पोरी गावाचा नकाशा काढतात : पांढऱ्या रांगोळीनं रस्ते, निळ्यानं नाला, हिरव्यानं शेतं, लाल ठिपके म्हणजे घरं. तास-दोन तास वाकून काढलेलं काम असतं, आणि त्याला प्रेक्षकही भरपूर. मागे एकदा आमचे आबा काठी टेकत आले, नकाशाभोवती एक फेरी घातली आणि म्हणाले, “नाला हिकडून न्हाई, तिकडून जातो.” पोरगी म्हणाली, “आबा, गुगलवर इकडूनच आहे.” आबांनी काठीच्या टोकानं गुगलचा नाला पुसला आणि खराखुरा नाला काढला. तो नेमका एका लाल ठिपक्यावरून गेला. तो ठिपका शेजारच्या काकूंच्या घराचा होता. काकू कमरेवर हात देऊन म्हणाल्या, “झालं? बुडवलंव आमाला?” मग पोरींनी काकूंचं घर सरकवलं, आबांनी ते अजून थोडं वर घेतलं, तेवढ्यात कोणाची तरी कोंबडी शाळेवरून ग्रामपंचायतीकडे चालत गेली. घाईघाईनं फोटो काढले गेले. फोटोत सगळेजण गंभीरपणे नकाशाकडे पाहत आहेत आणि खाली ‘ग्रामस्थांच्या सहभागातून’ असं लिहिलेलं आहे. यातलं एकही अक्षर खोटं नाही.

दुसरी खेप दिवाळीनंतरची. ती राष्ट्रीय सेवा योजनेची. ही योजना १९६९ साली, म्हणजे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. कॉलेजचं सात दिवसांचं निवासी शिबिर शाळेत उतरतं. पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम आणि सातव्या दिवशी समारोप. श्रमदानाला शोषखड्डा ठरलेला. शाळेच्या मागे एक जागा आहे, तिथली जमीन खणून खणून एवढी भुसभुशीत झालीय, की नव्या पोरांच्या हाताला फोड येत नाहीत. शिबिर गेलं की पावसाळ्यात खड्डा गाळानं बुजतो आणि पुढल्या साली दुसरं कॉलेज तो मोठ्या उत्साहानं पुन्हा खणतं. जागा बदलावी असं एका तरुण सरपंचाला वाटलं होतं. म्हातारे म्हणाले, “राहू दे. कडक जागी पोरं दमतेत. दमली की जास्त जेवतेत.”

आणि मग किरकोळ आवक : डोळे तपासणीची शिबिरं, झाडं लावणारे, लावलेली झाडं मोजणारे, जुन्या बारवेतलं गवत उपसायला येणारी शहरी मंडळी. बारववाल्यांबद्दल मात्र गावाचं मत चांगलं आहे. ते आपला डबा आणतात.

सांगायचं म्हणजे, सेवा करून घेण्यात पिंगळीचा हात धरणारं गाव नाही. कोण आलं की कुठं उभं राहायचं, टाळ्या कधी वाजवायच्या, ‘आम्हाला हे माहीतच नव्हतं’ असा चेहरा किती वेळ धरायचा, हे इथं शेंबड्या पोरालाही कळतं. फोटो काढताना कुदळ पाहुण्याच्या हातात द्यायची, हा तर शिष्टाचारच. म्हणून जानेवारीत माझा जालन्याचा मित्र लेकीला घेऊन हुरड्याला आला आणि ती आफ्रिकेत सेवा करून आलीय असं त्यानं सांगितलं, तेव्हा आगटीभोवतीचं एकही माणूस दबलं नाही. उलट, धंद्यातलं माणूस भेटल्यासारखे सगळे पुढे सरकले.

मित्राचं घराणं ख्रिस्ती, चार पिढ्यांचं. लेक टेक्सासमध्ये असते. तिथल्या चर्चमधली वीस-बावीस माणसं मिळून मलावी देशातल्या एका खेड्यात दहा दिवस गेली होती. असे दौरे अमेरिकेतल्या मंडळ्यांमध्ये आता आपल्याकडच्या अष्टविनायक सहलीइतके नेहमीचे झालेत. रॉबर्ट वुथनो नावाच्या समाजशास्त्रज्ञानं २००५ च्या सुमाराला हिशेब मांडला होता, की वर्षाला साधारण सोळा लाख अमेरिकन अशा सेवेसाठी परदेशी जातात. जाण्याआधी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना पत्रं धाडून पैसे गोळा करायचे, सगळ्यांचे एका रंगाचे टी-शर्ट शिवून घ्यायचे, पाठीवर बायबलातलं वचन. आमच्याइकडं शिबिराच्या टोपीवर असतं तेवढंच, फक्त अक्षर चांगलं.

पोरगी गुणी. हाताला राख लागली तरी कुरकुर नाही, हुरडा चोळायलाही लगेच शिकली. आबांनी कणसं आगटीत खुपसता खुपसता चौकशी आरंभली.

“कामून गेल्ती माय येवढ्या लांब?”

“सेवा करायला, आबा.”

“किती रोज?”

“दहा दिवस.”

“म्हंजी शिबिरच की. आमच्याइकडं सात रोजाचं असतंय. खड्डा खांदला?”

“नाही आबा, आम्ही शाळेची भिंत रंगवली.”

आबांनी मान डोलावली. “त्ये बरंय. भिंत बुजत न्हाई.”

भिंतीचा फोटो आला. निळा रंग, त्यावर पांढरी कबुतरं, पृथ्वीचा गोल, गोलाभोवती हात धरून उभी असलेली मुलं. मोबाईल हातोहात फिरला. काकूंनी तो लांब धरून, मग जवळ धरून पाहिला आणि विचारलं, “खाली हिरवा रंग दिसाय लागला, त्यो कुनाचा?” पोरगी हसायला लागली. तो आदल्या वर्षी आलेल्या दुसऱ्या चर्चचा होता. कोपऱ्यात पोपडा निघाला होता, तिथं हिरव्याच्या खाली पिवळाही दिसत होता. शाळेचे हेडमास्तर म्हणे दरवर्षी भिंत दाखवताना तितक्याच आनंदानं म्हणतात, की तुमचीच वाट पाहत होतो. आमच्या सरपंचांनी हे ऐकलं आणि न पाहिलेल्या त्या हेडमास्तरांविषयी त्यांच्या चेहऱ्यावर असा काही जिव्हाळा पसरला, की मला दोन्ही शाळांची गाठ घालून द्यावीशी वाटली.

“कोनत्या म्हैन्यात गेल्ती?”

“जूनमध्ये.”

“जूनमंदी?” आबा ताठ झाले. “पेरन्या सोडून लोकायला भिंती रंगवायला लावल्या?”

“तिकडं जूनमध्ये हिवाळा असतो, आबा. मक्याची काढणी होऊन गेली होती. लोक मोकळेच होते.”

जूनमध्ये हिवाळा ही गोष्ट आबांनी ऐकून घेतली, मानली नाही. पृथ्वीच्या त्या अर्ध्या भागात ऋतू उलटे असतात हे मी समजावून सांगू लागलो, तेव्हा ते म्हणाले, “असंल. आमच्याइकडं सरळ असून तरी काय उपेग झाला?”

मग जेवणाचा विषय निघाला. मलावीत मक्याच्या पिठाचा घट्ट उकड-गोळा खातात, त्याला न्सिमा म्हणतात. सोबत पालेभाजी, घेवडा, कधी सुकी मासळी. हातानं गोळा तोडायचा, खळगा करायचा, कालवणात बुडवायचा. काकू म्हणाल्या, “अगं, घाटाच की. फक्त जवारीच्या जागी मका.” तिथंही वाढायच्या आधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालतात, हे ऐकून तर काकूंनी त्या गावाला सोयरीक करण्याजोगं ठरवून टाकलं. मात्र पुढचा प्रश्न त्यांनी नेमका विचारला.

“वीस मानसं तुमी. दहा रोज रांधलं कुनी?”

“गावातल्या बायकांनी. पहाटे चारला उठायच्या. पाणी भरायच्या, चुली पेटवायच्या. आम्हाला हातच लावू देत नव्हत्या.”

“आन कोंबड्या?”

“रोज.”

काकूंनी आगटीतलं कणीस परतलं. “मंग सेवा तेंनीच केली म्हन की.”

पोरीचा बाप मोठ्यानं हसला. पोरगी नाही हसली. ती म्हणाली, “काकू, परत आल्यावर चर्चमध्ये साक्ष द्यावी लागते. सगळ्यांसमोर उभं राहून, मी काय केलं ते सांगायचं. मी तेव्हा हेच सांगायला पाहिजे होतं.” साक्ष म्हणजे काय ते आबांना कोर्टातलं माहीत होतं. त्यांनी दिलासा दिला, “साक्षीत सगळंच सांगायचं नसतंय.”

काकूंचा हिशेब अभ्यासकांनीही मांडलेला आहे, फक्त डॉलरमध्ये. १९९८ साली मिच वादळानं होंडुरासची धूळधाण केल्यावर अमेरिकेतून पथकांमागून पथकं घरं बांधायला गेली. कर्ट व्हर बीक या प्राध्यापकानं नंतर चौकशी केली. स्थानिक लोकांनी बांधलेलं घर साधारण दोन हजार डॉलरला पडलं होतं. पथकाच्या विमानभाड्यासकट धरलं, तर तसलंच घर तीस हजारांना. घरात राहायला गेलेल्या माणसाला दोन्हीत काही फरक जाणवला नव्हता. फरक असलाच तर एवढाच, की तीस हजारांच्या घराबरोबर फोटो मिळत.

आता कोणी म्हणेल, मिशन म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न वेगळाच असतो. तो आबा विसरले नव्हते, त्यांनी तो फक्त पोरीनं दुसऱ्यांदा हुरडा घेईपर्यंत राखून ठेवला होता. पाहुण्याच्या पोटात अन्न गेल्याशिवाय अवघड विचारू नये, हा त्यांचा दंडक.

“बाटवलं का कुनाला?”

“आबा, ते आधीपासूनच ख्रिस्ती आहेत! त्या देशात चारांतले तीन ख्रिस्ती. टेक्सासला आमची उपासना तासाभरात उरकते, सगळ्यांना पुढे जेवायला जायचं असतं. तिकडं चार तास. नाचून, गाऊन. पाळकसाहेब म्हणाले, तुमच्यातल्या एकानं प्रार्थना करावी. आमच्यापैकी एकानं केली, अडीच मिनिटांची. मग तिथल्या एका म्हातारीनं केली. आम्ही गुडघ्यावर होतो, माझ्या पायांना मुंग्या आल्या.”

“म्हंजी,” आबा म्हणाले, “पंढरपुरात जाऊन इठ्ठल सांगितला म्हनायचा तुमी.”

त्या गावानं पोरीला ओळखण्यातही गंमत केली होती. बाकीच्या पथकाला पोरं ‘अझुंगू’ म्हणजे गोरे म्हणून हाका मारत धावायची. हिला पाहून थांबायची. पूर्व आफ्रिकेत गुजराती दुकानदार शंभर-सव्वाशे वर्षांपासून पसरलेले, मलावीतही त्यांची पेढी आहेच. त्यामुळे पाठीवर बायबलाचं वचन घालून उभ्या असलेल्या आमच्या जालन्याच्या पोरीला एका बाईनं बाजूला घेऊन साखरेचा भाव विचारला. आणि भाव माहीत नाही म्हटल्यावर, मालक कधी येणार, असंही विचारलं.

हे सगळं ऐकताना मित्र मात्र थोडा अवघडला होता, कारण त्याच्या घरात मिशनरी हा शब्द दहा दिवसांच्या हिशेबानं वापरत नाहीत. पूर्वीचा मिशनरी आला की जायचं नाव घेत नसे. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १२ फेब्रुवारी १८१३ ला मुंबईत उतरले. कंपनी सरकार त्यांना पहिल्या दिवसापासून परत जा म्हणत होतं. हॉल गेले नाहीत. १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात पटकीनं गाठलं तेव्हाच त्यांचा मुक्काम संपला. वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली मिरजेला दवाखाना उभा केला आणि पुढली तीसेक वर्षं तिथं पोटं कापून शिवली. ही माणसं मराठी शिकत, मराठीत छापत, मराठीत भांडत. त्यांच्या सगळ्याच गोष्टी आपल्याला पटत नसत आणि ते लोकांनी त्यांना तोंडावर सांगितलंही. भांडायला माणूस जागेवर तर सापडायचा. दहा दिवसांच्या पाहुण्याशी भांडण उकरून काढावं, तर त्याची परतीची गाडी लागलेली असते.

आफ्रिकेची वाट तर महाराष्ट्रातूनच गेलेली आहे, आणि हे मी सांगितलं तेव्हा पोरीनं हुरड्याची मूठ तशीच धरून ठेवली. नाशिकला शरणपूर रोड सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानं, हॉटेलं, गाड्या लावायला जागा नाही. ते मुळात चर्च मिशनरी सोसायटीच्या प्राइस साहेबांनी १८५४ च्या सुमाराला वसवलेलं गाव. अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी आफ्रिकन पोरं इंग्रजांचं आरमार सोडवून मुंबईला आणायचं आणि त्यांतली बरीच शरणपूरला पाठवली जायची. तिथं त्यांना अक्षरओळख, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. याच पोरांतून पुढे काही जण शिक्षक, धर्मोपदेशक होऊन मोंबासाजवळ रबाईला आणि फ्रीअरटाउनला गेले. त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. म्हणजे आफ्रिकेच्या खेड्यात सेवेला गेलेलं पथक आधी नाशिकहून निघालेलं आहे, टी-शर्टाशिवाय.

आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनची शेवटची सफरही मुंबईहूनच निघाली. हा गृहस्थ १८६४ साली ‘लेडी न्यासा’ नावाची छोटी आगबोट झांजीबारहून स्वतः हाकत मुंबईला घेऊन आला होता. पुढे ती त्यानं इथं विकली, पैसे मुंबईच्या एका बँकेत ठेवले आणि कापसाच्या तेजीनंतरच्या पडझडीत ती बँक बुडाली. ठेव बुडाल्याचं ऐकून आबांना लिव्हिंगस्टन एकदम घरचा वाटू लागला. १८६६ च्या जानेवारीत तो मुंबईहून निघाला. सोबत नाशिकची नऊ पोरं, मुंबई मरीन बटालियनचे तेरा शिपाई, आणि जनावरांत उंट, खेचरं, गाढवं, तीन म्हशी आणि एक वासरू.

“म्हशी?” आबांनी कणीस खाली ठेवलं. “आफ्रिकेत म्हशी न्हाईत?”

आहेत, पण रानटी. तिकडं त्सेत्से नावाची माशी चावून गाई-बैल, घोडे मरतात. रानम्हशींना काही होत नाही, तर आपल्या माणसाळलेल्या म्हशीही टिकतील का, हे पाहायचं होतं. म्हशींच्या नशिबी शास्त्र आलं ते असं. पण माशीच्या आधी शिपाई चावले. ते जनावरांना वाटेल तसं लादत, मारत, मागे रेंगाळत. एक दिवस म्हशीचं वासरू गायब झालं. शिपायांनी सांगितलं, ते मेलं आणि वाघांनी येऊन खाल्लं, आम्ही डोळ्यांनी पाहिलं. लिव्हिंगस्टननं विचारलं, वाघाच्या अंगावरचे पट्टे पाहिलेत? सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, अगदी स्पष्ट पाहिले. साऱ्या आफ्रिकेत पट्ट्यांचा वाघ नाही. वासरू कोणाच्या पोटात गेलं ते साहेबाच्या ध्यानात आलं आणि त्यानं ते रोजनिशीत टिपून ठेवलं.

आगटीभोवती हशा उसळला. सरपंचांना शिपायांचा पंचनामा आवडला, त्यांच्या मते नुकसानभरपाईचे अर्ज असेच असतात. आबा एकटे हसत नव्हते. “तीनातली एकतर व्यायलेली असंल,” ते म्हणाले. “तिच्या म्होरं वासरू खाल्लं?”

पुढची हकिगत सांगताना मलाही विनोद सुचत नाही. १ मे १८७३ च्या सुमाराला, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन मेला. सोबत्यांनी त्याचं काळीज तिथं झाडाखाली पुरलं, मीठ लावून देह उन्हात वाळवला आणि तो खांद्यावरून किनाऱ्याला न्यायचं ठरवलं. सूसी आणि चूमा हे म्होरके. दफनाची प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरलं ते जेकब वेनराइटनं, शरणपूरला शिकलेल्या पोरानं. वाटेत मढं नेऊ देत नाहीत म्हणून त्यांनी खोटी अंत्ययात्रा मागे फिरवली आणि देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधला. बागामोयोला पोचायला नऊ महिने लागले. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंगस्टनचा दफनविधी झाला, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत वेनराइट होता. सूसी-चूमा लंडनला पोचले ते सगळं उरकल्यावर. बाकीच्या हमालांसाठी रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं पदकं पाडली, पण ती तयार होईतो हमाल आपापल्या वाटेनं पांगलेले.

“नाशिकचं पोरगं,” काकू एवढंच म्हणाल्या.

मित्राला आता चेव आला. त्याचं घराणं बेथेलशी नातं सांगतं. जालन्याजवळ नारायण शेषाद्री या पाद्रीबाबांनी वसवलेलं ते गाव. शेषाद्री मूळचे ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले. तेव्हा जालना काय, परभणी काय, सगळा मुलूख निजामाचा. दिवाण सालारजंगांनी त्यांना जमीन दिली. पण गाव नुसत्या जमिनीवर उभं राहत नाही, म्हणून १८७३ साली पाद्रीबाबा पागोटं बांधून न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत जाऊन उभे राहिले. अमेरिकेनं आपल्याकडे सेवेकरी पाठवायचे, हा रिवाज तेव्हा साठ वर्षांचा झालेला. जालन्याच्या माणसानं तिकडं जाऊन त्यांना चार गोष्टी सांगाव्यात, हे नवीन होतं.

“बगा!” आबांच्या डोळ्यांत आगटीचा उजेड होता आणि दुसरंही काहीतरी. “आपुन बी गेलं पाह्यजे.”

“कुठं?”

“हिच्या गावाला. सेवा कराय.”

बघता बघता मोहीम आकाराला आली. पिंगळीचं पंधरा माणसांचं पथक टेक्सासला जाईल. एका रंगाचे टी-शर्ट नको, पांढऱ्या टोप्या आहेतच. उतरल्या उतरल्या प्रभातफेरी. मग तिथल्या कॉलनीचा रांगोळीनं नकाशा, नाल्यासकट. पोरीनं सांगितलं, की तिकडं रस्त्यावर काही काढलं तर पोलीस येतात. सरपंच म्हणाले, येऊ देत, त्यांना नकाशात त्यांचं ठाणं दाखवू. श्रमदानात कोणा एकाच्या अंगणात त्याला न विचारता शोषखड्डा. जमीन कडक निघाली तर आपली पोरं दमणार नाहीत, सवय आहे. गोऱ्यांची बारकी पोरं दिसतील तिथं उचलून कडेवर घेऊन फोटो. पोरगी म्हणाली, आबा, तिकडं दुसऱ्याचं मूल उचललं तर तुरुंगात टाकतात. आबांना नवल वाटलं. “मंग तेंनी तिकडं आफ्रिकेत कशी उचलली?” याचं उत्तर पोरीकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही.

दुपारी बौद्धिक. विषय : एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या दाराशी न कळवता जाऊन चहा कसा मागावा. हे काकू घेणार होत्या. शेजाऱ्याचं नाव माहीत नसलेल्यांसाठी एक खास सत्र ठेवलं होतं, त्यात पारावर बसण्याचं प्रात्यक्षिक. पार कुठून आणायचा यावर थोडी चर्चा झाली. स्वयंपाक अर्थात यजमान बायका करतील, पहाटे चारला उठून. इथं पोरीला हसू आवरेना. तिच्या शेजारणी स्वतःच्या घरातसुद्धा चारला उठत नाहीत. शिबिराचा निम्मा उत्साह या एका माहितीनं गळाला, कारण बाहेर जाऊन स्वतःच रांधायचं असेल तर ती सेवा नव्हे, ती मजुरी, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

“आणि व्हिसा मिळायचा नाही, आबा,” ती शेवटी म्हणाली. “मुंबईला मुलाखत असते. पहिला प्रश्न तोच. तुम्ही परत येणार कशावरून? पुरावा मागतात.”

“कसला पुरावा?”

“घर, जमीन, नोकरी. इकडं अडकवून ठेवणारं काहीतरी लागतं.”

आबांनी टोपी सारखी केली. “दोन म्हशी हायेत. एक गाभन हाये.”

“म्हशी चालत नाहीत, आबा.”

“कामून चालत न्हाईत? जमीन काय, पोरं बगतेत. म्हस मह्याशिवाय दूध देत न्हाई.”

काकूंनी राख झटकली आणि उठता उठता म्हणाल्या, “त्या सायबाला म्हनावं, मी लिहून देते. ह्यो म्हसीला सोडून लेकीच्या लग्नाला बी दोन रोज राह्यला न्हाई.”